एका पंगतीत दोन वाढप

धर्मराज जंजाळला माणसांचा मनापासून कंटाळा होता. शेळ्यांवर त्याचा फार जीव होता अशातला भाग नाही, पण न समजलेल्या गोष्टीवर शेळी मान डोलवत नाही, एवढा तिचा मोठेपणा तो मान्य करायचा. जनावरांचा डॉक्टर, त्यावर पीएच.डी., वय पस्तिशीच्या आसपास, आणि नेमणूक कुठे, तर भोकरदन तालुक्यातल्या धावड्याला, काकासाहेबांच्या मळ्यात, पत्र्याच्या छपराखाली. भोकरदनला भाड्याची खोली होती. तिथून सकाळचा चहा-पोहे आटोपून, पेपर वाचून, मोटरसायकलवर निवांत निघायचं आणि मळ्यात जाऊन शेळ्या कशा आहेत ते बघायचं. शेळ्या बऱ्या असायच्या. त्यामुळे उरलेला दिवस माणसांना नावं ठेवायला मोकळा मिळायचा.

काम मात्र साधंसुधं नव्हतं. एका कंपनीने कपाशीचं एक नवं वाण काढलं होतं. बोंडअळीने त्याचं बोंड कुरतडलं की अळीच मरायची. असा गुण प्रयोगशाळेत त्या बियाण्याच्या आत घातलेला होता. सरकारची परवानगी अजून यायची होती. अळी मरते यावर कुणाचा वाद नव्हता. वाद पुढचा होता. कपाशीतून सरकी निघते, सरकी जनावरं खातात, आणि जनावरांचं दूध आणि मटण माणसं खातात. मग अळीला जे भोवतं ते शेळीला भोवत नाही हे कशावरून? कंपनी म्हणे, बहुतेक नाही भोवणार. सरकार म्हणे, बहुतेक नको, बघून सांगा.

ते बघायला धर्मराज होता. एकाच वयाच्या शेळ्यांच्या दोन रांगा केल्या होत्या. एका रांगेला साध्या सरकीचा भरडा, दुसरीला नव्या वाणाच्या सरकीचा. बाकी कडबा तोच, पाणी तेच, हवा तीच. हिवाळाभर असं खाऊ घालायचं, वजनं घ्यायची, रक्त तपासायचं, शेवटी दोन्हींकडच्या एक-दोन शेळ्या कापून आतलं काळीज-गुर्दे बघायचे. दोन रांगांत फरक निघाला तर नव्या सरकीत खोट आहे. नाही निघाला तर बिनघोर पेरा.

गावाला हे समजावून सांगायला सुरुवातीला एक सभा घेतली होती. धर्मराज म्हणाला, या कपाशीत एक जीन घातली आहे. अप्पाराव नावाचे एक म्हातारे उठून उभे राहिले आणि म्हणाले की जीन तर जालन्याला आहे, मोसंबीच्या बाजाराच्या पलीकडे, आपला सगळा कापूस सरकी काढायला तिथंच जातो. एवढी मोठी जीन बियात कशी काय घातली? सभा हसली. कुणीतरी मागून म्हणालं, ती जीन नाही हो, बाटलीत राहतो तो जिन. सभा पुन्हा हसली. धर्मराज हसला नाही. त्या दिवसापासून त्याने गावात काही समजावून सांगायचं सोडून दिलं. सातवी न झालेल्या माणसाला विज्ञान सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्याने स्वतःशी ठरवून टाकलं आणि त्याला फार हलकं वाटलं.

मळ्याचे मालक काकासाहेब ही तर वेगळीच चीज होती. कंपनीने त्यांना दोन छपरं उभी करायला सांगितली होती, दोन रांगांना दोन. काकासाहेबांनी दोन्ही उभी केली आणि एकात आपला ट्रॅक्टर लावला. ट्रॅक्टर उन्हात तापतो म्हणाले. शेळ्या काय, एका छपराखाली उबेला राहतील. धर्मराज आधी चिडला, मग त्याने विचार केला आणि त्याच्यातल्या विद्वानाला त्यातच गुण दिसला. एकच छप्पर म्हणजे ऊन एक, वारा एक, माश्यासुद्धा त्याच. मधोमध एक लांब गव्हाण, तिच्यात लांबीभर फळी, फळीच्या या बाजूला एक रांग, त्या बाजूला दुसरी, तोंडाला तोंड लावून. अहवालात त्याने हे अभिमानाने लिहिलं. काकासाहेबांच्या ट्रॅक्टरचा उल्लेख केला नाही.

शेळ्यांचं खाणं-पाणी बघायला गावातल्या बौद्ध वस्तीतली द्वारकाबाई ठेवली होती. पन्नाशीची, काटक, बोलायला फटकळ. शेळ्यांत जन्म गेलेला. धर्मराजने पहिल्या दिवशी तिला दोन पोती दाखवली. लाल पट्ट्याचं पोतं या रांगेला, हिरव्या पट्ट्याचं त्या रांगेला. कळलं का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, कळलं. एवढ्यावर तो मोटरसायकलला किक मारून गेला. का, कशासाठी, हे त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तो यायचा तेव्हा उन्हं वर आलेली असायची, गव्हाण भरलेली असायची, दोन्हीकडून शेळ्यांचे जबडे चालू असायचे. तो वजनकाटा काढायचा.

आणि वजनं अशी येत होती की बघत राहावं. या रांगेची जी सरासरी, तीच त्या रांगेची. रक्ताचे रिपोर्ट जालन्याहून येत, तेही तसेच, जुळ्या बहिणींसारखे. धर्मराजला त्या आकड्यांचं प्रेम जडलं. रात्री खोलीवर तो ते पुन्हा पुन्हा वाचायचा. इतकं स्वच्छ काम या जिल्ह्यात कुणी केलं नसेल याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा इतके जुळते आकडे बघून भुवया वर करतो. पण स्वतःच्या लेकराचं नाक नकटं आहे हे बापाला कधी दिसलंय?

त्याला एवढा अभिमान वाटायला एक कारणही होतं. विद्यापीठात असताना त्याच्या गुरूंनी एकदा त्याला आकडे ‘जरा गोल’ करायला सांगितले होते. त्याने नकार दिला होता. त्यापायी तिथली नोकरी हुकली, सोबतचे पुढे गेले, तो कंपनीच्या शेळ्या राखायला आला. पण धर्मराज जंजाळची सही ज्या कागदाखाली आहे तो कागद खरा, ही एक इस्टेट त्याने कमावली होती. दुसरी कुठलीच नव्हती. म्हणून तो तिच्यावर नाग होऊन बसला होता, आणि बाकीच्या जगाला चोर समजत होता.

सगळ्यात मोठे चोर म्हणजे तपासणी समिती. उन्हाळ्याच्या तोंडाला ती येणार होती, सगळं बघून सुरक्षिततेचा दाखला देणार होती. या लोकांच्या गोष्टी त्याने ऐकल्या होत्या. गाडीची काच खाली करून शेत बघतात, काच वर करून शिफारस करतात. सही करायला बोटं सोबत आणतात आणि डोळे घरी ठेवतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त उंटाच्या जागी पांढरी ॲम्बेसेडर. या वेळी मात्र त्यांना खरं काम म्हणजे काय असतं ते दाखवू, असं तो स्वतःला बजावत होता.

समिती यायची त्या दिवशी तो पहिल्यांदाच पहाटे मळ्यात पोचला. समितीपुढे ताजी काळजं मांडायची होती, म्हणून खाटकाला लवकर बोलावलं होतं. छपराखाली अजून गारवा होता. द्वारकाबाई गोणपाट अंथरून बसली होती. तिच्या एका अंगाला लाल पट्ट्याचं पोतं होतं, दुसऱ्या अंगाला हिरव्या पट्ट्याचं. दोन्हींतला भरडा तिने गोणपाटावर ओतला होता आणि पिठात मोहन चोळावं तसा ती तो दोन्ही हातांनी खालीवर कालवत होती.

“बाई, हे काय चाललंय?”

“शेळ्यांचं कालवून राह्यले, सायेब. आज जल्दी आलात.”

“दोन्ही एकत्र?”

“मंग? रोज तसंच घालते की.”

धर्मराजने कधीपासून म्हणून विचारलं. ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. तिच्या आवाजात चोरी नव्हती की भीती नव्हती. त्याने लाल आणि हिरव्या पट्ट्याची आठवण करून दिली तेव्हा तिने हात झटकले आणि एखाद्या हट्टी पोराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

“सांगितलं व्हतं तुम्ही. पण एका गव्हाणीवर समोरासमोर उभ्या करायच्या, आन् हिच्या पुढ्यात एक अन् तिच्या पुढ्यात दुसरं टाकायचं? एका पंगतीत दोन वाढप म्या करत न्हाई, सायेब. जनावर झालं म्हून काय झालं.”

मग भरडा कालवता कालवताच तिने ते सांगितलं. ती लहान होती तेव्हा याच मळ्यात, काकासाहेबांच्या वडलांच्या काळी, लग्नाची पंगत बसली होती. म्हणायला पंगत एक, पण तिच्या वस्तीची माणसं पार शेवटाला, काटेरी कुपाजवळ. वरच्या टोकाला बारीक तांदूळ आणि मटणाच्या फोडी. कुपाकडे येईस्तोवर कण्या आणि नुसतं लाल पाणी. तिचा बाप भरल्या पत्रावळीवरून उठला, पोरांना उठवलं, आणि गावाच्या रस्त्यावर त्याने सगळ्यांना सांगितलं की उपाशी मेलात तरी चालेल, पण एका पंगतीत दोन तऱ्हेचं वाढाल तर तुम्ही माझी लेकरं नाहीत. द्वारकाबाईने ते आयुष्यभर पाळलं होतं. पोरीच्या लग्नात पाळलं, बापाच्या पुण्यतिथीला पाळलं, आणि कंपनीच्या शेळ्यांनाही पाळलं.

धर्मराजच्या कानावर हे सगळं पडलं, पण त्याने ऐकलं एवढंच की हिवाळाभराच्या एकाही आकड्याला आता काही अर्थ राहिलेला नाही. दोन रांगांनी एकच घास खाल्ला होता. फरक निघणार कुठून? आकडे जुळ्या बहिणींसारखे होते, कारण ती एकच बाई होती, आरशासमोर उभी. नव्या सरकीने शेळीला काही होतं की नाही, हा प्रश्न पहिल्या दिवशी जिथे होता तिथेच उभा होता, आणि नव्या वाणाची सरकी तर सगळी खाऊन संपत आली होती.

त्याला ओरडावंसं वाटलं. पण कुणावर? शेळ्या एका गव्हाणीला त्यानेच बांधल्या होत्या. पेपर वाचून उन्हं वर आल्यावर तोच येत होता. का ते न सांगता किक मारून तोच गेला होता. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला. त्याने एवढंच विचारलं की हे आजवर मला का नाही सांगितलं.

“तुम्ही कधी इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर सांगितलं असतं. म्या काय चोरी केली?”

त्याने हात जोडल्यासारखं करून सांगितलं की आज मोठे साहेब येणार आहेत, त्यांच्यापुढे यातलं काही बोलू नका. ती गोणपाटाची टोकं उचलत म्हणाली, कुणी विचारलं नाही तर मी कशाला बोलू? पण विचारलं, तर खोटं बोलणार नाही.

तेवढ्यात खाटीक आला. त्या रांगेची एक, या रांगेची एक, अशा शेळ्या निवडून कापायच्या होत्या, त्या कापल्या गेल्या. कुठली रांग आणि कुठलं काय, धर्मराजला आता हसूही येत नव्हतं. त्याने काळजं आणि गुर्दे काचेच्या बरण्यांत घातले, चिठ्ठ्या लावल्या. काकासाहेब आले आणि मटणाचं काय करायचं म्हणाले. नियम असा होता की प्रयोगाच्या जनावराचं मांस कुणाच्या पोटात जाता कामा नये. खड्डा आधीच खणून ठेवलेला होता. धर्मराज वर न बघताच म्हणाला, चुना टाकून पुरून टाका. आणि तो छपरापलीकडच्या बाजेवर डोकं धरून बसला.

काकासाहेबांनी उभ्या आयुष्यात खाण्याजोगी वस्तू कधी पुरली नव्हती. त्यात आज दुपारी मोठ्या साहेबांचं जेवण त्यांच्याकडे होतं आणि मटण विकत आणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. खड्ड्यात चुना तेवढा पडला. मटण पातेल्यात पडलं. आता घरात बायको पुष्पाबाई माळकरी, त्यांच्या चुलीवर असलं काही चालायचं नाही. म्हणून मळ्यातच तीन दगडांची चूल मांडून द्वारकाबाईला शिजवायला बसवलं. तिच्या हातचं काकासाहेब स्वतः खाणार होते असं नाही. त्यांनी सोमवारचा उपास आधीच जाहीर करून ठेवला होता. साहेब लोकांना काय कळतंय कुणी शिजवलं ते, म्हणाले.

बाजेवर बसून धर्मराजने एक वाक्य जुळवलं. सर, या प्रयोगात एक गंभीर चूक झाली आहे. वाक्य चांगलं होतं. पुढच्या हंगामात पुन्हा सरकी मिळेल, दोन छपरं बांधू, पुन्हा करू. कंपनी हाकलेल, हाकलू दे. विद्यापीठाने हाकललं तेव्हा तरी काय मेलो होतो? त्याने ते वाक्य इतक्या वेळा मनात म्हटलं की ते बोलून झालंय असंच त्याला वाटायला लागलं.

समिती आली ती सूर्य डोक्यावर आल्यावर. अध्यक्ष म्हणजे पिकल्या केसांचे, सफारीतले, आवाजाने भारदस्त असे एक निवृत्त शास्त्रज्ञ होते. सोबत दोन सदस्य: एकाला गाडी लागली होती आणि दुसऱ्याला संध्याकाळची जालन्याची रेल्वे गाठायची होती. तिघांनी नाकाला रुमाल लावून गव्हाणीपासून चांगलं अंतर राखून शेळ्या बघितल्या. शेळ्यांनीही त्यांना बघितलं आणि तोंडं फिरवली. बरण्यांकडे बघून गाडी लागलेल्या सदस्याने मान दुसरीकडे वळवली.

अध्यक्षांनी अहवालाची पानं चाळली आणि ते थबकले. धर्मराज पुढे सरकला. आता ते विचारतील. इतके सारखे कसे, म्हणून विचारतील, आणि तो सांगेल. तो खरोखरच सांगणार होता.

“व्वा,” अध्यक्ष म्हणाले. “इतकी जुळती आकडेवारी मी माझ्या नोकरीत पाहिली नाही. म्हणजे थोडक्यात, फरक?”

“दोन्ही रांगांमध्ये काही फरक आढळला नाही, सर.”

यातला एक शब्दही खोटा नव्हता. फरक आढळला नव्हता हे सोळा आणे सत्य होतं. एक प्रश्न, फक्त एक शहाणा प्रश्न या लोकांनी विचारला असता तर मी सगळं सांगितलं असतं, असं म्हणून धर्मराजने त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. हेच बोलणं आपण सकाळी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं होतं, आणि तिच्या तोंडी ते खरं होतं, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नाही. ॲम्बेसेडरच्या बॉनेटवर कागद पसरला गेला. सदर सरकीपासून जनावरांच्या व मानवाच्या आरोग्यास कोणताही धोका संभवत नाही. तिघांच्या सह्या झाल्या, चौथी धर्मराजची. बॉनेट तापलेलं होतं. त्याने पटकन सही केली. कागद अध्यक्षांच्या बॅगेत गेला आणि रेल्वेवाले सदस्य म्हणाले, जेवणाचं काय आहे?

लिंबाच्या सावलीत सतरंजी अंथरली होती. पत्रावळी मांडल्या. अध्यक्ष मध्ये, दोन बाजूंना दोन सदस्य, टोकाला धर्मराज. समोर उपाशी काकासाहेब, यजमानकी करायला. द्वारकाबाईने बाजरीच्या गरम भाकरी टाकल्या आणि ओगराळ्याने रस्सा वाढत गेली, मोजून सगळ्यांना सारख्या फोडी. अध्यक्षांनी पहिल्याच घासाला डोळे मिटले. असं मटण शहरात मिळत नाही म्हणाले. कुठून आणलंत?

“आणायचं कशाला, सायेब?” काकासाहेब खुशीत येऊन म्हणाले. “घरचंच हाय. तुमच्याच शेळ्यांचं. सकाळी कापल्या त्या. बिलकुल ताजं.”

अध्यक्षांचा हात तोंडापाशी होता तिथेच राहिला. गाडी लागलेल्या सदस्याने तोंडातला घास रुमालात घेतला आणि रुमालाची घडी करून खिशात ठेवली. रेल्वेवाल्याने पाण्याचा तांब्या जवळ ओढला. तासाभरापूर्वी याच तिघांनी मानवाच्या आरोग्यास कोणताही धोका संभवत नाही असं लिहून दिलं होतं. शाई अजून नीट वाळली नसेल. धर्मराज टोकाला बसून बघत होता, आणि त्या क्षणी त्याला त्यांची इतकी किळस आली की आपल्याही पत्रावळीवर तेच मटण आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. हीच ती माणसं. स्वतःच्या सहीवर स्वतःचा विश्वास नाही, आणि ही सही उद्या गावोगावच्या दावणीला जाऊन बसणार.

“कुठल्या रांगेतलं?” अध्यक्षांनी घसा साफ करून विचारलं. “म्हणजे, साध्या सरकीवाल्या शेळीचं असेल तर तसा प्रश्न नाही. ते तेवढं वेगळं काढून वाढा.”

काकासाहेबांना काही उमगलं नाही. त्यांनी द्वारकाबाईला हाक मारली आणि साहेब काय म्हणतात ते ऐक, म्हणाले. ती ओगराळं घेऊन पुढे आली. आता तिला विचारलं गेलं होतं.

“येगळं कुठून काढू? पातेलं एकच हाय,” ती म्हणाली. “आन् शेळ्यांचं इचाराल, तर समद्यांनी समदं खाल्लंय. दोन्ही पोती म्या रोज कालवून घातली. कोणती साधी अन् कोणती दुसरी, तसं काय ऱ्हायलंच न्हाई त्यात.”

छपरातून एक शेळी ओरडली. अध्यक्षांना सगळं कळलं. माणूस लबाड होता, पण मूर्ख नव्हता. त्यांनी बॅगेकडे बघितलं, मग रेल्वेवाल्या सदस्याच्या घड्याळाकडे, आणि मग टोकाला बसलेल्या धर्मराजकडे. काय म्हणते ही, असं त्यांनी विचारलं. तो एक शहाणा प्रश्न, ज्याची तो सकाळपासून वाट बघत होता, आला होता. सरळ, सगळ्यांसमक्ष, त्याच्याच दिशेने. जुळवलेलं वाक्य त्याच्या जिभेवर होतं.

“अडाणी बाई आहे, सर,” धर्मराज म्हणाला. “तिला काय कळतंय. काहीतरी गैरसमज झालाय तिचा.”

हे आपल्याच तोंडून निघालं याचं त्याला नवल वाटलं, पण फार नाही. अध्यक्षांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांचा विश्वास बसला होता असं नव्हे. त्यांना विश्वास ठेवायला काहीतरी हवं होतं, ते मिळालं. तरीच, म्हणाले. मग अंगावरची धूळ झटकावी तशी बाई झटकून टाकून ते काकासाहेबांकडे वळले आणि त्यांना एकाएकी पथ्य आठवलं. डॉक्टरांनी मांस बंद केलंय, विसरलोच. सदस्यांनाही आपापली पथ्यं आठवली. काकासाहेबांनी घरी गडी पिटाळला, पुष्पाबाईंचं वरण-भात-तूप आलं, आणि तीन पत्रावळी बदलल्या गेल्या. जुन्या पत्रावळी तिघांनी स्वतःच्या हाताने लांब सरकवल्या.

द्वारकाबाई पातेल्यापाशी उभी राहून हे बघत होती. मग ती टोकाला, धर्मराजपुढे आली. त्याने पत्रावळीवर आडवा हात धरला.

“तुमचं बी पथ्य का, सायेब?”

“डॉक्टर खातील ना,” अध्यक्ष भात कालवता कालवता म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात हुकूम होता. “त्यांचाच तर प्रयोग आहे.”

धर्मराजला ते बरोबर समजलं. या पंगतीत एकाने तरी खाल्लं पाहिजे होतं, नाहीतर बॅगेतला कागद कागद राहत नव्हता. त्याने हात काढला. तिने ओगराळं भरून ओतलं, दोन फोडी जास्तच. त्या मटणाने काही होईल का? बहुतेक नाही. एका जेवणाने कुणाला काय होतंय? पण हे ‘बहुतेक’ त्याला ओळखीचं होतं. कंपनी पहिल्या दिवशी हेच म्हणाली होती, आणि त्या शब्दाच्या जागी दुसरा, पक्का शब्द आणून ठेवायला त्याला पाठवलं होतं. हिवाळाभर शेळ्या खाऊन गेल्या, आणि शब्द तोच होता. आता तो शब्द बोंडासकट, सरकीसकट सगळ्या मराठवाड्यात पेरला जाईल. खाली सही धर्मराज जंजाळची.

त्याने घास घेतला. अध्यक्ष दोन्ही सदस्यांना म्हणाले, बघा, स्वतःच्या कामावर विश्वास म्हणतात तो हा.

द्वारकाबाईने या टोकापासून त्या टोकापर्यंत पंगतीवरून नजर फिरवली. तीन ठिकाणी पांढरा भात आणि तूप, एका ठिकाणी लाल रस्सा.

“मला अडाणी म्हणालात त्याचं काय न्हाई,” ती हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “पण ह्याच मळ्यात माह्या बापाला जे खपलं न्हाई, ते आज माह्या हातून करून घेतलं तुम्ही. आता तुमचं तुम्ही वाढून घ्या.”

तिने ओगराळं पातेल्यात सोडलं आणि ती छपराकडे निघून गेली. काकासाहेब ओरडले, द्वारके, अगं ताक कोण वाढणार. तिने मागे बघितलं नाही. सकाळचा उरलेला कालवलेला भरडा तिने गव्हाणीत फळीच्या दोन्ही बाजूंना ओतला. दोन्ही रांगांनी माना खाली घातल्या.

धर्मराजच्या पत्रावळीवर अजून फोडी होत्या आणि सगळे बघत होते. त्याने भाकरी मोडली, रश्शात बुडवली, आणि खाल्ली. अध्यक्षांनी मोठ्या आपुलकीने विचारलं की कसं काय लागतंय? नेहमीच्या मटणापेक्षा काही वेगळं?

“नाही, सर,” धर्मराज म्हणाला. “काही फरक नाही.”